काचेची खरखरीत बाजू

देव उजेड वाटताना हात आखडता घेत नाही. मधे भिंत कुणी बांधली, कुठे बांधली आणि कशाला बांधली, हा पुढचा सगळा माणसांचा कारभार. आणि ट्रेसरकाकांच्या इमारतीत तर हा कारभार अगदीच उफराटा होता. जिन्याला पुरुषभर उंचीची खिडकी. सकाळी आठपासून दिवस कलेपर्यंत ऊन पायऱ्यांवर नुसतं लोळत पडलेलं. तिथून माणूस दिवसातून चार वेळा जाणार, तोही धापा टाकत आणि खाली मान घालून. आणि त्याच जिन्याला पाठ लावून असलेल्या काकांच्या स्वयंपाकघरात, जिथे काकूंचा अख्खा दिवस जायचा, तिथे भर दुपारी दिवा. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती असं नाही. होती. पण शेजारच्या इमारतीने आपली पाठ तिला अशी चिकटवली होती की हात बाहेर काढला तर थेट तिच्या गिलाव्याला लागे.

काका तीस वर्षं नकाशाच्या कचेरीत अनुरेखक होते. लोक ट्रेसर म्हणायचे. मूळ नकाशावर अर्धवट आरपार दिसणारा कागद पसरायचा, खालून दिवा लावायचा, आणि खालची रेघ वर जशीच्या तशी उतरवायची. नदी वाकडी असेल तर वाकडी, सरळ असेल तर सरळ. आपलं शहाणपण घालायचं नाही. तीस वर्षांत आपली एक रेघ हलली नाही, हे काका अजूनही माणसाची ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगत. त्यामुळे उजेड कशातून जातो, कशातून अर्धा जातो आणि कशापाशी अडतो, या विषयात गावात आपल्याखेरीज कुणाला काही कळत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. गर्व नव्हे. अनुभव.

तर झालं असं. परगावी असलेल्या मुलीला बाळ झालं, आणि दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन येणार असं ठरलं. काकूंनी त्याच दिवशी मऊ सुती कापड काढलं. पहिल्या नातवंडाचं दुपटं, ते विकतचं नको, आजीच्या हातचं हवं. दुपारची आवराआवर झाली की काकू स्वयंपाकघरातल्या आपल्या स्टुलावर टाके घालायला बसत. चार दिवसांनी काका पाणी प्यायला गेले, तेव्हा काकू सुईच्या नेढ्याशी झोंबत होत्या. दोरा एकदा नेढ्याच्या डावीकडून गेला, एकदा उजवीकडून, आणि तिसऱ्यांदा काकूंनी सुई खाली ठेवली.

“अहो, इथे उजेडच नाही,” त्या म्हणाल्या. “असंच चाललं तर बाळ येईल आणि दुपटं राहील.”

काकूंनी संसारात मागितलं असं फारसं काही नव्हतं. त्यामुळे काकांनी हे मागणं फार मनावर घेतलं.

आधी दिवा बदलला. मोठा बसवला, मग त्याहून मोठा. काकू म्हणाल्या, दिव्याभोवती नुसतं वलय दिसतं, डोळे दुखतात. शेजारचे पोस्टमास्तर निवृत्त होते, म्हणजे सल्ल्याला सदैव हजर. बुटके, गोल, डोकं तुळतुळीत. त्यांनी भिंतींना पांढरा रंग द्यायला सांगितलं. तो दिला. अंधाराला पांढरा रंग दिला की पांढरा अंधार होतो, एवढं ज्ञान त्यातून पदरात पडलं. मग पोस्टमास्तर म्हणाले, आरसा लावा. पुढच्या खोलीत सकाळी ऊन येतं, ते आरशाने उचलून आत टाकायचं. काकांनी कपाटाच्या दाराचा आरसा काढून, खुर्चीवर उशा रचून, कोन साधून बसवला. आणि खरंच, स्वयंपाकघरात ताटाएवढा लख्ख उन्हाचा तुकडा पडला. पण सूर्य कुणाच्या सोयीने थांबत नाही. तुकडा ओट्यावरून डब्यांवर गेला, डब्यांवरून भिंतीवर चढला, आणि विळी घेऊन काकू त्याच्या मागे सरकत राहिल्या. अकरा मिनिटांत तो छताला पोचला. आता छतावर बसून भाजी चिरायची सोय कुठल्याच संसारात नसते.

तेव्हा काकांच्या मनात ती भिंत आली. जिन्याकडची. पलीकडे ऊन वाया चाललंय, अलीकडे बायको चाचपडतेय, आणि मधे एक वीत वीट. दीड हात बाय दोन हात झरोका पाडला की काम झालं.

पोस्टमास्तर शेजारी होते तसेच इमारतीच्या मंडळाचे सेक्रेटरीही होते, आणि या दोन माणसांचं आपसांत पटत नसे. “शेजारी म्हणून सांगतो, झकास कल्पना आहे,” ते म्हणाले. “सेक्रेटरी म्हणून सांगतो, कचेरीची परवानगी आणा.”

बांधकाम खात्याच्या कचेरीत काका स्वतः काढलेला नकाशा घेऊन गेले. नकाशा इतका देखणा होता की कारकुनाने तो आधी भिंतीवर लावायचं कॅलेंडर समजून बाजूला ठेवला. हा कारकून उंच, शिडशिडीत, छातीपर्यंत दाढी, बोलणं अगदी हळू. त्याने अर्जाच्या अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘झरोक्यात बसवावयाचे साहित्य: पारदर्शक / अपारदर्शक. नको ते खोडावे.’

काकांनी नम्रपणे सांगितलं की दोन्ही नको, या दोहोंच्या मधलं हवं.

कारकून म्हणाला, मधलं छापलेलं नाही. पारदर्शक लिहाल तर परवानगी मिळणार नाही, कारण जिना सामाईक. येणाऱ्याजाणाऱ्याला कुणाचं घर दिसता कामा नये. अपारदर्शक लिहाल तर आज सही होईल.

“पण अपारदर्शक लावली तर उजेड येणार नाही,” काका म्हणाले.

“उजेडाबद्दल अर्जात काही विचारलेलं नाही.”

“अहो, पण जिच्यातून उजेड येत नाही अशी खिडकी म्हणजे भिंतच की. ती माझ्याकडे आहे.”

“मग तुमचं काम झालेलंच आहे,” कारकून शांतपणे म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

काका घरी आले ते जेवले नाहीत. तीस वर्षं ज्या कागदावर काढली तो कागदच सरकारदरबारी अस्तित्वात नाही, हा घाव वर्मी बसला होता. दुसऱ्या दिवशी ते पिशवी भरून निघाले. पिशवीत साध्या काचेचा तुकडा, घासलेल्या दुधी काचेचा तुकडा, पुठ्ठा, ट्रेसिंग पेपर आणि विजेरी. कचेरीत पोचल्यावर त्यांनी टेबलावर दुकान मांडलं. कीर्तनात बुवा मूळ कथा सोडून दृष्टान्तात शिरले की श्रोते जसे सावरून बसतात, तशी कचेरी हातातली कामं टाकून भोवती जमली. साध्या काचेतून विजेरीचा झोत पलीकडच्या भिंतीवर जसाच्या तसा उमटला. पुठ्ठ्यापाशी थबकला. आणि दुधी काच मात्र स्वतःच उजळली. झोत तिच्यात विरघळून चहूकडे पसरला, पण पलीकडे विजेरी कुठे आहे ते काही दिसेना.

गलबला ऐकून आतून साहेब आले. त्यांनी ट्रेसिंग पेपर उचलून काकांच्याच अर्जावर टाकला. “यातून तर सगळं वाचता येतंय.”

“टेकवलाय म्हणून, साहेब. आता चार बोटं वर धरा.”

साहेबांनी वर धरला. अक्षरं धुक्यात गेली. त्यांनी टेकवला, अक्षरं आली; उचलला, गेली. असं पाचसहा वेळा झालं.

“चिकटलं की स्पष्ट, लांब गेलं की पुसट,” काका म्हणाले. “या जातीचा स्वभावच तो.”

“आमच्या घरी याच्या बरोबर उलट आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. अकराव्या रकान्यात लिहिलं गेलं: ‘अपारदर्शक (उजेड येईल इतपत)’. खाली अट: जिन्यातून आतले काहीही दिसून आल्यास परवानगी आपोआप रद्द, महिन्याच्या आत पाहणी होईल.

भिंत फुटली. विटांची भुकटी घरभर झाली, पिठाच्या डब्यात गेली, काकांच्या चष्म्यात गेली, पोस्टमास्तरांच्या घशात गेली. त्यांनी शेजारी म्हणून खोकून दाखवलं आणि सेक्रेटरी म्हणून पत्र दिलं. मग काच घेऊन काचवाला आला. अबोल माणूस. त्याने दुधी काच चौकटीला लावून पाहिली आणि एवढंच विचारलं, “खरखरीत बाजू बाहेर ना?”

आता दुधी काचेची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी घासून खरखरीत केलेली. काकांना हसू आलं. ट्रेसरच्या धंद्यात खरखरीत बाजू नेहमी आपल्याकडे. शाई तिथेच धरते, पेन्सिल तिथेच बोलते. खरखरीत बाजू पलीकडे करून बसला तर त्याला पहिल्या दिवशी घरी पाठवतील.

“खरखरीत आत,” काका म्हणाले.

“आत वाफ असते, काका. तेल असतं.”

“अरे बाबा, तीस वर्षं मी हेच केलंय.”

काचवाल्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा शेगडीकडे, आणि काच बसवून तो निघून गेला. धंद्यात ज्याचा सल्ला मानला नाही त्याच्याशी वाद घालू नये, एवढा वेदान्त त्याला येत होता.

आणि काय सांगावं, उजेड आला. दुधासारखा, मऊ, सावली न पाडणारा. ओट्यावर, डब्यांवर, कोपऱ्यातल्या झाडूवरसुद्धा. काकू काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड वर करून डोळे मिटले, उन्हाला बसतात तसे.

“छान आलाय हो,” त्या म्हणाल्या.

काकांनी लगेच सुई आणि दोरा पुढे केला. काकूंनी सुई हातात घेतली, काचेकडे धरली, पुन्हा खाली ठेवली. “उद्या ओवते. आज भिंतीच्या दणक्यांनी हातच थरथरतोय.” मग काकांनीच ओवून दिली. त्यात काही वावगं वाटावं असं नव्हतं. 

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जिन्यातून पोस्टमास्तरांचा आवाज आला. “ट्रेसरकाका, तुमचा भोपळा उतू जातोय.”

भोपळा खरंच उतू जात होता. पण तो पोस्टमास्तरांना दिसावा कसा? काका बाहेर धावले आणि जागच्या जागी खिळले. काच नितळ झाली होती. आत काकू, शेगडी, पातेलं, खुंटीला लटकलेला काकांचा ठिगळ लावलेला सदरा, सगळं जिन्यातून लख्ख. भोपळा उतरवला, वाफ निवली, आणि काच हळूहळू पुन्हा दुधी झाली, जणू तिने काही पाहिलंच नव्हतं.

काका स्टुलावर बसले. कळायला वेळ लागला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. काच दुधी दिसते ती तिच्या खरखरीतपणामुळे. उजेड त्या बारीक खाचाखळग्यांत अडखळतो, विखुरतो. पाण्याने खळगे भरले की बाजू सपाट झाली, आणि उजेड सरळ चालू लागला. ट्रेसिंग पेपरवर तेलाचा थेंब पडला की तिथे आरपार दिसतं, हे काकांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. फक्त कचेरीत कुणी भोपळा शिजवत नव्हतं.

इमारतीत दुसऱ्या दिवसापासून घड्याळाची गरज उरली नाही. काच नितळ झाली की लोक समजायचे, बारा वाजले. कुणी जिन्यातून मीठ कमी पडल्याचं सुचवी, कुणी काकांनी ताट धुतलेलं पाहून आपल्या नवऱ्याला बोलावून दाखवी. पोस्टमास्तरांनी शेजारी म्हणून पडदा लावायला सांगितलं आणि सेक्रेटरी म्हणून नोटीस दिली: ‘सदर खिडकी स्वयंपाकाच्या वेळी पारदर्शक होते व इतर वेळी नाही, यावरून हेतू संशयास्पद वाटतो.’ पडदा लावला तर उजेड जाणार, म्हणजे मुळावरच घाव. काकांनी पंखा लावला, तर शेगडी विझली. मग काच सतत पुसत राहायची असं ठरलं आणि ते काम काकूंकडे आलं. त्यांनी हाताला आलं ते फडकं घेतलं. ते निघालं कढई पुसायचं. झालं, काचेच्या मधोमध, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, ताटलीएवढा तेलकट डाग पडला. पाणी निदान सुकतं. तेल कशाला सुकतंय? तिथून आता अहोरात्र आरपार.

“अगं, एवढा मोठा डाग, तुला दिसला नाही?” काका चिडून म्हणाले.

“राहिला असेल,” काकू म्हणाल्या.

काकांना ते दुर्लक्ष वाटलं. दुपट्याच्या किनारीबद्दलही त्यांनी टोकलं होतं. काकू निळी किनार भरत होत्या, आणि अध्येमध्ये टीचभर टाके काळ्या दोऱ्याचे. काका म्हणाले, हा निळा आणि हा काळा. काकू म्हणाल्या, दोन्ही एकच आहेत, तुमचाच चष्मा बदला. निळ्या आणि काळ्या शाईत ज्याने तीस वर्षं गल्लत केली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. काका दिवसभर फुगून बसले. 

आणि डाग कसा घालवावा याची चिंता चालू असतानाच एका सकाळी पाहणीला कारकून आला.

काकांना चाहूल लागली ती जिन्यातल्या मोजायच्या टेपच्या खडखडाटाने. शेगडीवर चहाचं आधण होतं. वाफेने काच कडेकडेने नितळू लागली होती, आणि मधल्या डागातून कारकुनाचं तोंड सरळ आत पाहत होतं. लांब, गंभीर, छातीपर्यंत दाढी. परवानगी आपोआप रद्द. पुन्हा विटा, पुन्हा अंधार, आणि बाळ यायला जेमतेम पाच आठवडे.

“अगं,” ते कुजबुजले, “आधण उतरव. बघ कोण उभं आहे.”

काकूंनी मान वळवली. डागापासून त्या दोन हातांवर होत्या. त्यांनी सरळ त्या डागातून पाहिलं आणि हसल्या.

“पोस्टमास्तर आहेत की. या ना भावजी, चहा होतोच आहे.”

काका हसले. एक क्षणभरच. त्यांना वाटलं, बायकोने काय प्रसंगावधान दाखवलं. मग त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती. काकू समोरच्या माणसाकडे पाहून मनापासून हसत होत्या, आणि समोरचा माणूस कोण आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

कारकून आत आला, स्टुलावर बसला. काका फक्त काकूंचे हात पाहत होते. हात साखरेच्या डब्यावर गेला, झाकणाची कड चाचपली, मग उघडला. कपात चहा ओतताना कपाच्या काठाला बोट टेकवलेलं. चहा बोटाला लागला की ओतणं बंद. हे सगळं इतकं सराईत होतं की कधीपासून चाललं असेल, याचा काकांना अंदाजच करवेना. ज्याने खालची रेघ वर उतरवण्यात जन्म घालवला, त्याने रोज समोर असलेला हा नकाशा एकदाही पाहिला नव्हता.

कारकुनाने चहा संपवला. वही उघडली, बंद केली. “काच उलटी बसलीय,” तो हळू आवाजात म्हणाला. “फिरवून घ्या. मी दोन महिन्यांनी येतो. आज मला काही दिसलं नाही.” दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि त्याहून हळू म्हणाला, “आमच्या वडिलांचंही असंच होतं. ते मला पावलावरून ओळखायचे.”

दुपारी काकूंनी जेवणाची पानं घेतली तरी काका दिसेनात. ते आतल्या खोलीत जुनी पेटी उघडून बसले होते. तिच्यात ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी होती. त्यांनी दोन चकत्या कापल्या, चष्म्याच्या दोन्ही भिंगांना आतून चिकटवल्या, चष्मा घातला आणि स्वयंपाकघराकडे निघाले. वाटेत दाराच्या चौकटीने त्यांचा खांदा धरला. पुढे खुर्ची होती, हे खुर्ची पडल्यावर कळलं. पोस्टमास्तर दाराशी आले होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि शेजारी म्हणूनही काही न बोलता, सेक्रेटरी म्हणूनही काही न बोलता परत गेले.

काका ओट्यापाशी पोचले. “हे काय सोंग?” काकूंनी पडापडीच्या आवाजावरून विचारलं. चष्म्यातला कागद त्यांना दिसलाच नव्हता.

“थांब, मला काय दिसतंय ते सांगतो. दिवा नाही दिसत, त्याच्या जागी एक पांढरा फुगा आहे. नळ म्हणजे चकाकता ठिपका. डबे सगळे एक. तू आहेस, पण तुझं तोंड नाही. नुसता ढग आहे, साडीचा.” काका थांबले. “असंच दिसतं का तुला?”

काकूंनी हात पुढे करून काकांचा चेहरा चाचपला, भिंगांच्या कडेने बाहेर आलेला कागद बोटांना लागला, आणि त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल. आधी एकाच डोळ्याला होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं की. उजेड नाही म्हटलं.” काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. तो डोळा परत उघडला नाही. डोळा मागायची भीती वाटली, म्हणून उजेड मागितला. मला वाटलं, एखादा मोठा दिवा आणाल. तुम्ही भिंत फोडलीत. एवढी धूळ, एवढे हेलपाटे; मग कुठल्या तोंडाने सांगू, की अजून दिसत नाही म्हणून?”

चष्म्यातला कागद ओला झाला होता, आणि ओला झाल्यामुळे त्यांना बायको आता जरा स्पष्ट दिसू लागली होती. त्यांनी चष्मा काढला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. डोळ्यातलं भिंग मुळात स्वच्छ असतं, ते हळूहळू दुधी झालंय; ते काढायचं आणि नवं बसवायचं. आईंच्या वेळचे दिवस गेले, त्या म्हणाल्या. मात्र धोका अजिबातच नाही असं मी कुणालाही सांगत नाही. काकू काकांचा हात घट्ट धरून होत्या. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच शंका विचारली. “नव्या भिंगाची खरखरीत बाजू कुठे येते?”

“दोन्ही बाजू गुळगुळीत असतात, काका.”

“तरी एकदा बघून बसवा,” काका म्हणाले. “आमच्याकडे चूक झालीय.”

ऑपरेशनच्या दिवशी काका बाहेरच्या बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. पण मधेच त्यांना वाटलं, देवाने कधीचंच सगळं उजळून ठेवलंय. त्याच्याकडे उजेड काय मागायचा? मधली आडकाठी तेवढी दूर कर, असं म्हणावं. मग तेवढंच म्हणत राहिले.

त्या आठवड्यात काचवाला काच फिरवून गेला. तेलाचा डाग त्याने सोड्याने घासून काढला. खरखरीत बाजू बाहेर, गुळगुळीत आत. तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं काकांना दिवसभर वाटत राहिलं.

पट्टी निघाली. काकू घरी आल्या त्या दारातच थबकल्या. मग त्यांनी घर पाहायला सुरुवात केली, आणि काकांची धडगत उरली नाही. डब्यांच्या झाकणांवर बोटभर राप. पांढऱ्या रंगाचे जमिनीवर ठिपके. काकांचा सदरा खिशापाशी उसवलेला, आणि हे असं घालून तुम्ही कचेरीत गेलात? दुपटं हातात घेतलं आणि काचेपाशी नेलं तेव्हा मात्र त्यांचं बोट किनारीवर अडलं. निळ्या किनारीत ठिकठिकाणी काळे तुकडे.

“उसवते,” त्या म्हणाल्या.

“राहू दे. रेघ कुठे तुटलेली नाही.”

काकूंनी सुई घेतली, दोरा घेतला, आणि एका झटक्यात ओवला. उरलेली किनार निळी भरली. काळे टाके काही उसवले नाहीत.

मुलगी आली ती सकाळची वेळ होती. काकू ओट्यापाशी होत्या. जिन्यात पावलं वाजली, पण त्यांनी आता पावलांकडे लक्ष दिलं नाही. त्या काचेकडे पाहत होत्या. आधी काचेवर एक फिकट ढग आला. ढग जवळ आला, गडद झाला, त्याला खांदे फुटले. मुलीने बाहेरून बाळाचा तळहात अलगद काचेला टेकवला. बाकी सगळं धुक्यात. आणि धुक्याच्या मधोमध पाच गुलाबी बोटं, एकेक पेर दिसेल इतकी स्पष्ट.

काकू हलल्या नाहीत. “बघा हो,” एवढंच म्हणाल्या.

काका बाहेर धावले, कानामागची पेन्सिल काढली, आणि बाळाचा हात काचेवर आहे तोवर त्याच्याभोवती रेघ फिरवली. खरखरीत काच, पेन्सिल अशी बोलली की काकांना कचेरीतल्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. पुढे पोस्टमास्तरांनी शेजारी म्हणून त्या हाताचं कौतुक केलं आणि सेक्रेटरी म्हणून सामाईक जिन्यात रेघोट्या काढल्याची नोटीस दिली. पाहणीला आलेल्या कारकुनाने काच बराच वेळ निरखली आणि वहीत लिहिलं: ‘जिन्यातून आतले काहीही दिसत नाही.’

पण ते पुढचं. त्या सकाळी बाळ दुपट्यात गुंडाळलेलं आजीच्या मांडीवर होतं, आणि काका काचेवरच्या हाताकडे आतून बाहेरून पाहून पुन्हा आत आले होते. काकू स्टुलावरून, तीन हात लांबून, काचेकडे एकटक पाहत होत्या.

“अहो.”

“काय?”

“करंगळी जरा वाकडी आलीय.”

तीस वर्षांत कुणी काकांच्या रेघेला नाव ठेवलं नव्हतं. ते काचेपाशी गेले, चष्मा पुसला, नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. करंगळी खरंच वाकडी होती, केसभर.

“कुठे?” काका म्हणाले. “मला नाही दिसत. नीट बोट ठेवून दाखव बरं.”